अक्काच्या हातचं

भिंतीवर हातोड्याचा तिसरा घाव बसला आणि तारामतीच्या परतून होत आलेल्या कांद्यात विटेचा चुरा पडला.

"आवं, काय करून राहिलाव?" ती ओरडली. "सैपाक हाय हितं!"

भिंतीला नारळाएवढं भोक पडलं होतं. त्यातून आधी उजेड आला आणि मग नवे मालक वीरण्णा यांचं धुळीनं माखलेलं, हसरं तोंड.

"खिडकी पाडतोय, अक्का. मोठी. काच बसवायची. माणूस जेवायला बसला की त्याला आतलं दिसलं पायजे. किचन किती साफ हाय, कोण करतंय."

"कोण करतंय ते कशाला बघायचंय लोकायला?"

"बघितल्याबगर फॅमिली येत न्हाई, अक्का."

फॅमिली. तारामतीनं गॅस बंद केला. हात पदराला पुसले. पुसायला तसं हाताला काही लागलेलं नव्हतं.

उदगीरच्या मोंढ्यामागच्या या 'हॉटेल चंद्रमा, परमिट रूम'मध्ये ती अठरा वर्षं स्वयंपाक करत होती. नवरा आनंदराज मोंढ्यात टेम्पो चालवायचा. तापाचं निमित्त होऊन तो आठ दिवसांत गेला, तेव्हा मुलगा आदर्श चौथीत होता. आता तो पुण्याला कंपनीत आहे आणि दर फोनला "सोड ते काम" म्हणतो. तेव्हा मात्र काम धरायची वेळ होती. जुन्या मालकानं विचारलं आणि तिनं दोन अटी घातल्या. मागच्या गल्लीच्या दारानं येईन-जाईन, आणि हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. दोन्ही अटी पाळल्या गेल्या. चंद्रमाच्या हॉलमधले दिवे हिरवे आहेत की लाल, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. भरलेली प्लेट मण्यांच्या पडद्याखालून पलीकडं सरकवायची, रिकामी आली की ठेवून घ्यायची. गल्लीत कुणी विचारलंच तर, "मोंढ्यात मेसवर सैपाकाला हाय."

रविवारी सकाळी मात्र ती पांढरी साडी नेसून विहारात जायची. नुसती जायची नाही, तर वंदना तीच सांगायची आणि बाकी सगळे तिच्यामागून म्हणायचे. शिक्षण सातवी, पण पालीतला एक शब्द चुकेल तर शपथ. महिला मंडळाच्या अध्यक्ष बुद्धप्रिया मॅडम यांनी नऊ वर्षांपूर्वी आपल्या हातातलं पुस्तक तिच्या हातात दिलं होतं. तारामतीला आयुष्यात मिळालेली ती एकमेव पदवी. पंचशील सुरू झालं की पहिली चार शीलं ती ठणठणीत सांगायची. पाचवं आलं, दारूपासून दूर राहण्याचं, की आवाज आपसूक खाली जायचा. बायांना वाटायचं, बिचारीला दम लागतो.

तिनं थेंबाला कधी हात लावला नव्हता. पण हे सांगायचं कुणाला, आणि कुठं उभं राहून?

गंमत अशी की गल्लीतल्या निम्म्या पुरुषांना सगळं ठाऊक होतं. तिच्या हातचं खाऊनच ते घरी जात. पण घरी जाऊन सांगणार काय? तारामती चंद्रमात असते म्हणायचं, तर बायको विचारणार, तुम्हाला कसं कळलं? म्हणून अठरा वर्षं सगळे मिळून गप्प होते. हॉल जितका अंधारा, खुर्च्या जितक्या फाटक्या आणि मुतारीचा वास जितका लांबवर, तितकी तारामती सुरक्षित होती. घरंदाज बाई त्या रस्त्यानं नाक दाबून जायची आणि वर बघायची नाही.

आणि आता हे नवराबायको आले होते. वीरण्णा आणि दानम्मा, बिदरकडचे. गळ्यात लिंग, मांसाला शिवत नाहीत, दारूचा वास आला तरी दानम्माचं डोकं धरतं. भावकीतला व्यवहार अंगावर आला म्हणून बार घेतला. घेतला तो घेतला आणि नेटानं सुधारायला काढला. मुतारी नवी, फरशी नवी, मधोमध भिंत घालून एका बाजूला फॅमिली सेक्शन. मटणाची चव त्यांना सांगता येईना म्हणून ते तारामतीलाच विचारत. म्हणजे दारू न पिणारी तीन माणसं मिळून एक परमिट रूम वर आणत होती.

"तुमचं येसर मटण म्हंजे आमची लक्ष्मी हाय, अक्का," वीरण्णा म्हणायचा. येसराचा मसाला ती स्वतः भाजायची, स्वतः दळायची. जुना मालक कौतुक करायचा ते शिवी देऊन. हे कौतुक तोंडावर यायचं आणि तिला धडकी भरायची.

भोक गुरुवारी पडलं. शनिवारी सकाळी कामावर येताना तारामती स्टेशनरोडच्या चौकात आली, वर बघितलं आणि जागच्या जागी थिजली.

विजेच्या खांबाला दहा फुटी फ्लेक्स. त्यावर ती.

पांढऱ्या साडीत. मागच्या बुद्धपौर्णिमेला विहारात काढलेला, तिच्या व्हॉट्सअपला लावलेला फोटो. मागचा विहार पुसून तिथं लाल ज्वाळा केल्या होत्या. वंदनेसाठी जोडलेल्या हातांपुढं वाफाळतं मटणाचं ताट. वर ठळक अक्षरांत 'अक्काच्या हातचं!' आणि खाली, 'हॉटेल चंद्रमा, नव्या रूपात. रविवारी सायंकाळी सहा. सहकुटुंब या.'

रिक्षावाला हॉर्न देत होता तो आपल्यालाच, हे तिला उशिरा कळलं. विहाराचा रस्ता याच चौकातून जातो. उद्या रविवार. सगळ्या बाया इथूनच येणार, ओळीनं, पांढऱ्या साड्यांत.

ती मागच्या दारानं आत शिरली ती थेट दानम्मासमोर.

"दानम्मा, तेवढं ते काढा."

"काय काढू?" दानम्मा नव्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसत होती. "फोटो बघितलाव? लई गोड आलाय. तुमच्या फोनमधून मीच घेतला, म्हटलं अक्काला गंमत दाखवावी. फ्लेक्सवाला कपाळाला कुंकू लावतो म्हणत होता. मी म्हटलं, खबरदार! अक्का लावत न्हाईत."

तारामती पिंपावर बसली आणि सगळं सांगून टाकलं. विहार, पुस्तक, मेस. पाचवं शील सांगताना आवाज इथंही खाली गेला.

दानम्माच्या हातातलं फडकं थांबलं. "अय्यो," ती म्हणाली. "बार घेतला म्हणून माझ्या बापानं आठ महिने झाले माझ्या घरचं पाणी घेतलं न्हाई, अक्का. तरी तुमचं येगळं. तुमी तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. "हे लातूरला गेलेत सामान आणायला. शिडीवाला उद्या दुपारी येतो म्हणलाय, तवर कोण चढणार तिथं? पण खिडकीला मी आजच पडदा शिवते. तेवढं माझ्या हातात हाय."

दुपारी मागचं दार वाजलं. दारात विनोद सर. बुद्धप्रिया मॅडमचे यजमान, हायस्कूलला चित्रकलेचे शिक्षक. गेली बारा वर्षं कोपऱ्यातल्या टेबलावरून हिरव्या मिरच्या कडेला ओळीत मांडलेली जी प्लेट परत यायची, ती यांची. तारामती त्यांना आवाजावरून आणि प्लेटीवरून ओळखायची. मागच्या दाराला ते पहिल्यांदाच आले होते आणि घामानं निथळत होते.

"तारामतीबाई, तो फलक!"

"बघितला मी, सर."

"अहो, मग काढायला लावा ना! तुमचं कळलं की आमचं कळलंच. ही पहिलं विचारणार, तुम्हाला माहीत होतं का? होतं म्हटलं तर मेलो. नव्हतं म्हटलं तर..." ते थांबले. "तिला माझं खोटं लगेच कळतं हो."

"मला सांगून काय उपयोग, सर? उद्या दुपारपोतर निघत न्हाई."

"दुपारी? आणि वंदना सकाळी!"

दोघं एकमेकांकडं बघत राहिले, चोरी पकडली गेलेल्या दोन शाळकरी पोरांसारखे. तेवढ्यात गल्लीत सायकलची घंटा वाजली आणि सर भिंतीला पाठ लावून सरकत सरकत निघून गेले.

त्या रात्री तारामती नीट झोपली नाही. ताप आलाय सांगावं, आदर्शकडं गेले म्हणून निरोप धाडावा, असं पहाटेपर्यंत चाललं. शेवटी नेसली पांढरी साडी. न जाणं म्हणजेच कबूल होणं, असं तिच्या भित्र्या मनानं काढलं.

चौकात तिनं मान वर केली. फ्लेक्स होता. साडी होती, हात होते, मटण होतं. तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी एक गोल भोक, आणि त्यातून सकाळचं आभाळ दिसत होतं. इतकं अचूक गोल कापायला हात बसलेला लागतो. चित्रकलेचा हात. या वयात सर खांबावर चढले कसे, या विचारानं तिला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात डोळ्यांना पाणी आलं. वाचलो दोघंही. नाव तर तिथं नव्हतंच.

विहारात मात्र कुजबूज होती. तारामती आत आली आणि कुजबूज थांबली. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. विनोद सर खांबाच्या आडोशाला, उजव्या बोटाला पट्टी. तारामतीनं पुस्तक उघडलं, तोच ऐंशीच्या नागूबाईंनी काठी फरशीवर आपटली.

"तारे, चौकातल्या बोर्डावर कोण हाय गं? माझी नात म्हणती तारामावशी हाय. काल बघितलं म्हणती. मला तर आज मुंडकंच दिसंना."

कुणीतरी फिसकन हसलं.

"आजी," बुद्धप्रिया मॅडम म्हणाल्या, "पांढरी साडी काय एकट्या तारामतीकडं आहे का? आपण सगळ्याच नेसतो. कुणीही असेल." आणि त्यांनी तारामतीकडं बघितलं. नाही म्हण, एवढंच त्या नजरेत होतं. एक शब्द, आणि वंदना सुरू.

तारामतीची नजर खाली पुस्तकावर गेली. पंचशीलाचं पान. पाचव्याच्या वर चौथं असतं. खोटं न बोलण्याचं. अठरा वर्षं तिचा सगळा जीव पाचव्यात अडकलेला. ते तर तिनं कधी मोडलंच नव्हतं. आणि चौथं ती दर रविवारी ठणठणीत आवाजात सांगत आली होती.

"मीच हाय, आजी."

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.

"मेस म्हणत हुतीस की."

"खोटं बोलले."

"दारूच्या गुत्त्यात?"

"सैपाकाला. पाठीमागं. अठरा वर्सं झाली."

नागूबाईंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळलं. मग त्यांची काठी हळूहळू पुरुषांच्या बाजूला वळली. "मग तिथं कोण कोण येतंय, ते बी ठावं असंल तुला."

आता भीतीनं जागा बदलली. तारामतीला ती डोळ्यांनी दिसली. पुरुषांच्या तीन रांगा ताठ झाल्या. कुणी गुंडी लावली, कुणी मोबाईल उलटा ठेवला. विनोद सरांनी पट्टीचं बोट मुठीत लपवलं.

"मी भिंतीआड असते, आजी," तारामती म्हणाली. "आजपोतर हॉलातली माणसं मला दिसली न्हाईत. नुसत्या प्लेटा दिसल्यात."

हे खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं.

बुद्धप्रिया मॅडम उठल्या. चिडलेल्या नव्हत्या, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पिणं वेगळं, तारामती. पण पावसाळ्यात, वर्षावासाला, दारूच्या धंद्यावर पोट भरू नये हे सांगणारं सम्यक आजीविकेचं पान तूच वाचून दाखवलंस ना गं आम्हाला?"

"हाव, मॅडम."

"मग आज मी सांगते."

तारामतीनं दोन्ही हातांनी पुस्तक दिलं. आदर्शची फी, घराचं भाडं, हे सगळं होतं, पण ते उत्तर नव्हतं. ती शेवटच्या रांगेत, चपलांशेजारी जाऊन बसली. मॅडमनी पाचवं शील सांगितलं तेव्हा मागून सगळ्यांचे आवाज आले, त्यात एक सगळ्यांत मागचा होता, पूर्ण दमाचा. कुणी वळून बघितलं नाही.

संध्याकाळी चंद्रमा दिव्यांनी झगमगलं. दिवे पिवळे होते, हे तारामतीला आता कळलं.

"अक्का, फ्लेक्सचं मुंडकं कापलं की कुणीतरी!" वीरण्णा चिडून आत आला. "पोलिसात देतो. न्हाईतर सकाळी नवा छापतो."

"राहू द्या तसाच, शिडीवाला बी नको," ती म्हणाली. "ज्याला बघायचंय त्यो खिडकीतून बघंल."

खिडकीला दानम्मानं शिवलेला फुलाफुलांचा पडदा होता, काठाला दुहेरी टीप घातलेला. तारामतीनं तो दांडीवरून काढला, चौपदरी घडी घातली आणि त्यानं मटणाचं तापलेलं पातेलं उतरवलं. दारातून बघणाऱ्या दानम्मानं कपाळावर हात मारला, पण ती काही बोलली नाही.

गर्दी झाली. अनोळखी बायका, पोरं, देगलूर नाक्याकडची कुटुंबं. काही जण खिडकीशी येऊन वाकून बघत होते आणि दर वेळी तारामतीचा हात पदराकडं जात होता. गल्लीतलं कुणी नव्हतं. प्लेटा परत येऊ लागल्या तशी ती प्रत्येकीची कड बघत होती. लिंबाची सालं, हाडकं, चुरगळलेले कागद. ओळीत मांडलेल्या मिरच्या एकाही प्लेटीत नव्हत्या. कोपऱ्यातल्या टेबलावर एक लहान मुलगी खुर्चीवर गुडघे टेकून पापड मोडत होती.

तिनं भाताचं झाकण उघडलं. वाफ उसळली आणि खालपासून वरपर्यंत सगळी काच पांढरी झाली. पलीकडचं काही दिसेना. पलीकडच्यांनाही ती दिसत नसणार. अठरा वर्षांची जुनी, उबदार भिंत परत आल्यासारखं वाटलं.

तारामती तशीच उभी राहिली, मनात पाचापर्यंत मोजलं. मग तिनं फुलाफुलांचं फडकं उचललं आणि काच पुसली.