हैदराबादचा बेत

नाडीच्या टोकाला प्लॅस्टिकचं एवढंसं टोपण होतं, आणि जयसिंग मघापासून तेच नखानं कुरतडत होता. पांढरी नाडी, करडा बूट, आत मऊ गादी... आयुष्यभर वहाणा घातलेल्या पायाला हे असलं हलकं पायताण सुनेनं, अपेक्षानं, आणलं होतं आणि "आबा, हैदराबादला लई चालायचंय, पाय दुखाया नकोत" असं म्हणून समोर ठेवलं होतं. मरायला टेकलेल्या माणसाला कुणी नवे बूट घेतं का? नाही घेत. मग झालं तर! — पण लगेच दुसरं मन म्हणालं, नानाला नव्हता का शिवला नवा सदरा?

नाना म्हणजे त्याचा थोरला भाऊ. या घराची रीतच होती तशी — दुखणं मोठं निघालं की माणसाला त्याचं नाव सांगायचं नाही, त्याला फिरवून आणायचं. आत्याला तिरुपतीला नेलं होतं. नानाला कोल्हापूरला नेलं. राजवाडा दाखवला, तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घातला, आणि गाडीत सगळ्यांत मोठ्यानं हसत होता तो जयसिंगच. नानाही हसत होता. त्याला कळलं असेल का? राजवाड्याच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबून तो म्हणाला होता, "जया, एवढं कशापायी दाखवताय रं मला?" पुढची दिवाळी नानानं बघितली नाही.

आता हे हैदराबाद. कुणी काढलं, कशासाठी काढलं? अपेक्षा शिरूरच्या शाळेत चित्रकला शिकवते, तिला जुन्या इमारतींचं वेड, हे खरं. पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा कधी सासू-सासऱ्यांना कमानी दाखवाव्या वाटल्या नाहीत. आणि पोरगा, इंद्रजीत! शिक्रापूरच्या कंपनीत असा चिकटलेला, की कांदा काढणीलाही रजा टाकत नाही, त्यानं शनिवार-रविवारला जोडून रजा टाकली — कशी? का? जयसिंगचा खोकला हटेना म्हणून शिरूरच्या दवाखान्यात नेलं ते त्यानंच. बरोबर बायको, सोजराबाई, होती, तर "आई, आलीच हायस तर तुझंबी रगत देऊन टाक" म्हणाला. रिपोर्ट आणायला मात्र एकटा गेला. परत आला तेव्हा गाडी स्टँडवर लावता लावता, वर न बघता म्हणाला, "काय न्हाई, समदं नॉर्मल हाय." वर का बघितलं नाही? स्टँड काय बघून लावावं लागतं?

मन चिंती ते वैरी न चिंती, हे जयसिंगला पाठ होतं. गावात चार जणांना त्यानंच ऐकवलं असेल. उपयोग शून्य.

"आबा, इकडं या की," ओसरीवरनं अपेक्षानं हाक मारली. तिच्या हातात मोबाईल, शेजारी सोजराबाई मेथी निवडत बसलेली. "दौंडवरनं बसलो की सकाळी तिथं. शनिवारी म्युझियम, मग चारमिनार. आता रविवारचं तुम्ही ठरवा. राजवाडा बघायचा का मकबरे? दोन्ही एका दिवसात व्हायचे न्हाईत."

"मकबरे म्हंजी?"

"सुलतानांची थडगी. बांधकाम बघाल तर बघत राहाल! घुमट कसले हायेत..."

जयसिंगच्या पाचावर धारण बसली. थडगी. ही पोर हसत हसत आपल्याला थडगी दाखवायला नेणार. तिनं पुढचं चित्र सरकवलं — संगमरवराची बाई, तोंडावर झिरझिरीत पदर, आणि तो पदरही दगडाचाच. "एकाच दगडातनं कोरलंय आबा, बघा, पदराआडनं नाक-डोळे दिसत्यात." त्याला ते झाकलेलं तोंड पाहवेना. सोजराबाईनं एकदा वाकून बघितलं आणि पुन्हा मेथीत मान घातली.

"बरं, ऱ्हाऊ द्या. बिर्याणी तर हायेच, इराणी चहा हाय. तुम्ही सांगा आबा, तुम्हाला काय खावंसं वाटतंय?"

काय खावंसं वाटतंय! या घरात हा प्रश्न धडधाकट माणसाला कुणी कधी विचारला होता? ताटात पडेल ते खायचं, अशीच सगळ्यांची हयात गेली. "बघू की तवाचं तवा," म्हणून तो उठला तो थेट गोठ्यात गेला. इंद्रजीतला फोन लावावा, स्पष्ट विचारावं... त्यानं नाव काढलं, बोट वर धरलं, आणि फोन परत खिशात ठेवला. विचारलं तर उत्तर येईल. न विचारण्यात निदान एवढं होतं, की उत्तर अजून आलेलं नव्हतं.

सोजराबाई चहा घेऊन आली. कप त्याच्या हातात दिला आणि गेली नाही; शेजारच्या बाजेवर टेकली.

"अवो, एक इचारू? खरं सांगशीला?"

"काय?"

"इंदरनं तुमास्नी सांगितलंय का? माज्या रगताचं?" तिनं पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. "न्हाई म्हंजी, मला भ्या न्हाई. पर हे हैद्राबाद, आन् हे बघा, आन् ते खावा... मला काय कळत न्हाई व्हय? नाना भावजींना आसंच न्हेलं हुतं."

जयसिंग तिच्याकडे बघत राहिला. तपासणी दोघांची झाली होती. दोघांची! हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी त्याच्या मनात एकदाही... तिचे हात वाळल्यासारखे दिसत होते. ते आता वाळले, की आधीपासूनच तसे होते? गळ्याखालची हाडं? चाळीस वर्षं शेजारी असलेल्या बाईचं त्याला काही म्हणता काही सांगता येईना. आणि तेवढ्यात छातीतलं काहीतरी सुटलं. श्वास पार तळापर्यंत गेला, खोकला आला नाही, हातापायात गोड हलकेपणा पसरला — म्हणजे मग माझं नसेल! इतकं सुख त्याला कित्येक दिवसांत झालं नव्हतं. ते सुख ओळखू आलं, आणि मग तो जो भ्याला, तसा या सगळ्या दिवसांत एकदाही भ्याला नव्हता.

"खुळी हायस का? पोरांस्नी हौस हाय, म्हणून चाललोय."

"शप्पथ?"

"तुजी शप्पथ."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "मंग बरं," म्हणाली, पण उठली नाही.

देवा, काही असलंच तर ते माझं असू दे — एवढंच त्याला मनात म्हणायचं होतं. त्यानं सुरुवात केली. देवा, काही असलंच तर... पुन्हा पहिल्यापासून केली. सोजराबाई शेजारी बसून होती, चहावर साय धरत होती, आणि दर वेळी तो त्याच शब्दापाशी येऊन थांबत होता.