विसातला एक घाव

माझी तीन वर्षांची मेहनत एका भाजीच्या दांड्याने धुळीला मिळवली. हे मी आजही चिडूनच सांगतोय, तेव्हा माझ्याकडून फार शहाणपणाची अपेक्षा ठेवू नका.

टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत आम्ही सहा जण मिळून व्हिडिओ गेम बनवतो. त्यात चार जणांची टोळी घेऊन भुयारं पालथी घालायची आणि राक्षसांशी लढायचं. टोळीत एक ढालवाला, एक तिरंदाज, एक मांत्रिक आणि एक वैद्य. चौघांनाही खेळणारा एकटाच चालवतो. आणि कुणाचा वार किती जोरात बसणार, हे मी ठरवतो. ऑफिसात मला मास्तर म्हणतात, कारण मला काहीही विचारलं की मी आधी फळ्याकडे जातो.

आताही जातो. प्रत्येक वाराला कॉम्प्युटर पडद्याआड वीस बाजूंचा एक फासा टाकतो. बहुतेक आकड्यांना साधा वार. वीस पडला की मात्र वार वर्मी बसतो, दुप्पट लागतो. गेमवाले त्याला क्रिट म्हणतात. आमच्या तिरंदाजाची नजर तीक्ष्ण, म्हणून त्याला एकोणीसलाही क्रिट. आणि ढालवाला समोर उभा राहून राक्षसाला गुंतवून ठेवत असेल, तर अठरालाही. विसात तीन. एकाने अंगावर घ्यायचं म्हणजे दुसऱ्याचा बाण नेमका लागतो. टोळी बांधायची ती यासाठीच. हे मी तीन वर्षं घासूनपुसून बसवलं होतं आणि आजवर कुणी 'वा' म्हणालं नव्हतं.

मग आवाजवाली आली. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. अडगळीच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून तिने आपलं बस्तान बसवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात क्रिटला आवाज दिला. ओल्या फडक्यात गुंडाळलेला भाजीचा जाड दांडा मोडायचा, त्यावर दाराच्या लोखंडी कडीचा खटका, आणि दोन्हीच्या आधी क्षणभर सगळं गप्प. बस, एवढंच.

दर शुक्रवारी दुपारी आमचा गेम मामा खेळून बघतात. आमच्या मालकांना आम्ही थोरले म्हणतो, हे त्यांचे सख्खे मामा. जन्मभर जमिनी मोजल्या, आता निवृत्त आहेत आणि खोटं कौतुक त्यांना जमत नाही. तीन वर्षं माझे क्रिट बघून ते "बरं" म्हणत आले होते. त्या शुक्रवारी पहिला आवाज झाला आणि मामा खुर्चीतून अर्धे उठले.

"अरे बाप रे! हाड मोडलं की काय त्याचं?"

"आता कसं, घाव बसल्यासारखा वाटला," थोरले म्हणाले. "मास्तर, इतकी वर्षं हे का नव्हतं आपल्याकडे?"

"आकडा तोच आहे," मी म्हणालो. "आधीही दुप्पटच लागायचं."

कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे तिच्याभोवती गोळा झाले होते आणि ती दांडा कसा मोडला ते हातवारे करून सांगत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढून गेली पोरगी, आणि पीठ कुणाचं ते कुणी विचारेना.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलंही असतं. पण महिनाअखेर थोरले रचनाप्रमुख नेमणार होते. गेममध्ये काय राहील आणि काय जाईल, यावर शेवटचा शब्द त्याचा. ते पद आपलंच, असं मी धरूनच चाललो होतो. त्या संध्याकाळी जिना उतरताना थोरले म्हणाले, "पोरीला नुसता कान नाही, डोकंही आहे. प्रमुखपदासाठी तिचाही विचार करावा म्हणतो." मी "हो तर, हो तर" म्हणालो आणि एक पायरी चुकलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे प्रश्न एकेक करून विचारायची तिला सवय आहे.

"आवाज चांगला झालाय का?"

"प्रश्न तो नाहीये."

"म्हणजे चांगला झालाय."

"अगं, भाजीचा दांडा मोडायला काय अक्कल लागते?"

"मग तू का नाही मोडलास?"

आतल्या खोलीतून सासूबाई खुदकन हसल्या. मी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

सोमवारी दुपारी सगळे खाली जेवायला गेले. मी डोकं दुखतंय म्हणून थांबलो. माझी आकड्यांची फाइल उघडली. तिरंदाजाचा अठरा काढला, एकोणीस काढला. राहिला फक्त वीस, तोही ढालवाला समोर असेल तरच. विसात तीनऐवजी विसात एक. आवाज जिथे तीनदा वाजायचा तिथे आता एकदाच वाजणार. हे का केलं ते आडवळणाने सांगत बसत नाही. मला तो आवाज ऐकवत नव्हता.

पण मी पडलो आकड्यांचा माणूस. नुसते क्रिट कमी केले की तिरंदाज लंगडा होणार, मामा लढाया हरणार आणि बोभाटा होणार. म्हणून दुप्पटीचं चौपट केलं. ढालवाला समोर असताना मारलेले शंभर बाण धरा. आधी त्यात पंधरा क्रिट, प्रत्येकाचा एक बाण जास्तीचा, म्हणजे एकशे पंधरा बाणांचा मार. आता क्रिट पाच, प्रत्येकाचे तीन बाण जास्तीचे. पुन्हा एकशे पंधराच! एका बाणाचाही फरक नाही. इतका स्वच्छ दुष्टपणा मी आयुष्यात केला नव्हता.

आमच्याकडे प्रत्येक बदलाची नोंद राहते: कुणी केला, कधी केला, का केला. 'का' समोर मी 'संतुलन' असं लिहिलं. त्या नोंदी कुत्रंही हुंगत नाही, याची मला खात्री होती.

तो आठवडा फार छान गेला. शेजारच्या टेबलांवर गेम चालू असायचा आणि दांडा मोडल्याचा आवाज क्वचितच यायचा. आवाजवाली बुधवारपासून तिच्या गाद्यांच्या खोलीत दार लावून बसली होती. रुसली असेल, असं मला वाटलं, आणि मी शीळ घालत कॉफी करून घेतली.

शुक्रवारी मामा आले. पहिली लढाई झाली, एकही क्रिट नाही. दुसरी झाली, नाही. मामांनी मान खाजवली. "आवाज काढून टाकला का रे?" मी खिडकीबाहेर बघत होतो.

तिसऱ्या लढाईत भुयारातला दगडी राक्षस आला. त्याने मांत्रिकाला लोळवलं, वैद्याची औषधं संपवली. ढालवाला जेमतेम उभा होता, पुढच्या ठोशाला तोही जाणार होता. पाळी तिरंदाजाची. राक्षसात अजून तीन बाणांचा जीव बाकी होता आणि बाण मारायची संधी एकच. मामा हरल्यासारखे मागे टेकले आणि त्यांनी बटण दाबलं.

सगळं गप्प झालं. पूर्वीसारखं क्षणभर नाही. संगीत थांबलं, भुयारातलं पाणी ठिबकायचं थांबलं, ढालवाल्याचा श्वाससुद्धा थांबला. इतका वेळ की मामांनी वळून आमच्याकडे पाहिलं. आणि मग तो घाव बसला. दांडा आणि कडी होतीच, पण त्याखाली आता काहीतरी जड, जमिनीतून आल्यासारखं घुमलं. दगडी राक्षस एका बाणात कोसळला.

मामा उभे राहिले. टेबलावर मूठ आपटली, थोरल्यांना मिठी मारली, दाराशी पाण्याचा जार घेऊन आलेल्या माणसाशी हस्तांदोलन केलं. "मेलो होतो रे मी! मेलो होतो!" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"हे कुणी केलं?" थोरल्यांनी विचारलं.

"मास्तरांनी," आवाजवाली म्हणाली. "विसात तीनचे विसात एक केले आणि दुप्पटीचं चौपट. एकूण मार तेवढाच ठेवून."

हिला कसं कळलं?

थोरले माझ्याकडे वळले. "कसं सुचलं रे तुला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तीन वर्षं मी याच नजरांची वाट पाहिली होती. मी फळ्याकडे गेलो. सारखी मिळणारी गोष्ट माणूस मोजत नाही, वाट बघायला लावली की तिची आठवण राहते, वगैरे वगैरे बरंच बोललो. बोलता बोलता मलाही ते पटलं. टाळ्या पडल्या. सोमवारी थोरल्यांनी मला रचनाप्रमुख केलं.

त्या दुपारी मी गाद्यांच्या खोलीत गेलो. ती जमिनीवर बसून वायर गुंडाळत होती.

"अभिनंदन, मास्तर."

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही केलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी रोज सकाळी नोंदी वाचते."

"आणि बोलली नाहीस?"

"राग आला होता. वाटलं, तुम्हाला माझा आवाज आवडलेला नाही. मंगळवारचा अख्खा दिवस धुमसत होते." तिने वायर बाजूला ठेवली. "मग आकडे मांडून बघितले. म्हटलं, एकदाच वाजणार असेल तर असा पिटुकला आवाज नाही चालायचा. तीन दिवस बसून नवा केला."

मला वाटलं तिने ओरडावं. थोरल्यांना सगळं सांगेन अशी धमकी द्यावी. म्हणजे मला तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

"आवडला होता," मी म्हणालो. "पहिलाही आवडला होता. तोच तर त्रास होता."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं, हे मला दिसलं.

"मग तसं म्हणायचं ना," एवढंच म्हणाली आणि कानांवर हेडफोन चढवले.

पद मला मिळालं होतं आणि मी दारात उभा राहून तिचा हेवा करत होतो. माझ्या हातून चांगलं घडलं ते वाईट करायला गेलो म्हणून. तिच्यावर वाईट आलं आणि तिने त्याचं चांगलं केलं. असं मला कधीच जमलं नसतं, आणि हे तिला माहीतही नव्हतं, याचीही चीड आली.

थोरल्यांना मी खरं सांगायला हवं होतं. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा गेमबद्दलच काहीतरी विचारून परत आलो. तिनेही सांगितलं नाही.

प्रमुख म्हणून माझं पहिलं काम आलं ते प्रत्येकाच्या कामाचा वार्षिक फॉर्म भरण्याचं. चार फॉर्म अर्ध्या तासात उरकून थोरल्यांना दिले. पाचवा तिचा. चांगल्या बाजू लिहिल्या, खऱ्या लिहिल्या. खाली प्रश्न होता: 'कामात काय उणीव आढळली?' मी पेन उचललं. तिचे जुने आवाज काढून ऐकले, मग नवे ऐकले. ती आल्यापासूनच्या सगळ्या नोंदी चाळल्या. ती उशिरा किती वेळा आली, तेही पाहिलं. काहीच सापडलं नाही. शेवटी जागा कोरी ठेवून फॉर्म थोरल्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "एका फॉर्मला दोन तास?"

"हो."

"किती मनापासून करतोस रे," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणूनच तुला निवडला."