मान्साचं गाणं मी तोडलं

आमच्यात गोष्ट सांगणाऱ्याला एक वेसण असते. ऐकणाऱ्यांपैकी कुणीही मध्येच उठून म्हणतं, "थांब, त्या दिवशी मी तिथंच होतो!" आणि गाणं सुरू करतं. मग सांगणाऱ्याने टाळ्यांनी ताल धरायचा आणि गाणं संपेपर्यंत गप्प राहायचं. सांगणारा फार चढू नये म्हणून ही रीत. आठ पायांच्या लबाड कोळ्याच्या गोष्टी मी चाळीस वर्षं सांगते आहे, तेव्हा रीत मला ठाऊक नव्हती असं म्हणायची सोय नाही.

निवडणुकीच्या तोंडावर खासदारकीला उभा असलेला एबो क्वान्सा आपल्या पक्षाच्या रंगाचं कापड घेऊन माझ्या अंगणात आला.

"अराबा आत्या, आमची भाषणं ऐकून लोक जांभया देतात. बाजारातल्या बायकांना तुम्हीच एक गोष्ट सांगा. त्यांनी जुनी छपरं आपणहून उतरवली की तिथं पक्के गाळे बांधतो. पहिले गाळे त्यांनाच."

"लेखी देशील?"

"तुमच्या शब्दापुढे कागदाला कोण विचारतो, आत्या?"

त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. कापड आवडलं होतंच, पण खरी भूल पडली ती माईकची. माझ्या अंगणात तीस माणसं मावतात. बाजारातल्या प्रचारसभेत तीन हजार होती.

आम्ही उन्हात गोष्ट सांगत नाही. मी भर दुपारी सांगितली. शेजारी नव्या घरात गेले, कोळी मात्र गळक्या घराला चिकटून बसला, त्याच्या रश्श्यात पावसाचं पाणी, अंथरुणात बेडूक. मी मंचावर कोळ्यासारखी तिरकी चालून दाखवली. बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या.

तेवढ्यात मान्सा उठली. धुरावलेली मासळी विकते ती, आईपासून चालत आलेल्या जागेवर. आम्ही दोघी परकरात होतो तेव्हापासूनच्या मैत्रिणी.

"थांब गं अराबा! त्या दिवशी मी तिथंच होते!" आणि तिने सूर लावला, "कोळ्या रे कोळ्या, नव्या घराची किल्ली कुणाच्या कमरेला?"

चार-पाच जणींनी गाणं उचललं. एबोच्या माणसाने माझ्याकडे बघत भोंग्याचा आवाज वाढवला. मी थांबायला हवं होतं. मी तिच्या गाण्यावर आवाज चढवून बोलत राहिले. एवढंच नाही, कोळ्याच्या तोंडी मान्साचाच किनरा आवाज घातला. सगळा बाजार तिला हसला. ती ओळ पुरी करून खाली बसली.

दोन दिवसांत छपरं उतरली. एकटी मान्सा काय करणार? तिनेही उतरवलं. गाळे झाले, ते शहरातल्या मोबाइलवाल्यांना मिळाले. एबो निवडून आला होता. विचारायला गेले तर खासदारसाहेब राजधानीत आहेत, असं मला सहा वेळा सांगण्यात आलं.

नंतर अंगणात गोष्ट लावली तेव्हा लोक आले, पण कुणी एकदाही मला अडवलं नाही. कोळ्याने हत्ती गिळला म्हटलं तरी नाही. सगळे सभेत बसावं तसे नीट बसले होते. मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी मान्साकडे गेले. तिने आधी पाणी दिलं.

"मान्सा, माझं चुकलं. मला तोंड दाखवायची लाज वाटते."

"अगं, गोष्टच होती ती," ती म्हणाली. "गोष्टीतलं कुणी खरं मानतं का?"

"तू शिव्या तरी दे मला."

"देईन सवडीने. जागा गेल्यापासून लॉऱ्यांच्या अड्ड्यावर विकते, त्या सुटायच्या आत पोचायचंय." गुडघ्यावर हात टेकत ती उठली. मासळीचं भरलं घमेलं समोर होतं. तेवढं ओझं एकट्या बाईला उचलून डोक्यावर घेता येत नाही, कुणीतरी लागतंच.

"बघत काय बसलीस? हात लाव," ती म्हणाली.

मी घमेलं उचललं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं.