सहावी जागा

संशयी स्वभाव मी घरूनच घेऊन आलो. आमच्याकडे केळीचे घड कापायला माणसं आली की घरातलं कोणीतरी बांधावर उभं राहतं, आणि त्या उभ्या राहणाऱ्यावर लक्ष ठेवायला आणखी कोणीतरी. त्यामुळे आमश्यावर संशय आला तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. इतके दिवस कसा आला नाही, याचंच नवल वाटलं.

नव्याण्णव सालातली गोष्ट आहे. मी, चुडामण, रावेरकडचा. आमश्या चोपड्याच्या वरचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. दोघेही जळगावात आयटीआयच्या रेडिओ-टीव्हीच्या वर्गाला होतो आणि पिंप्राळ्यात एका खोलीत राहत होतो. माझं कोणाशी फार दिवस पटत नसे. दुपारच्या मेसवाल्या मंदाबाईंशी भाजीवरून, घरमालकाशी नळावरून, वर्गातल्या पोरांशी तर कारणाशिवायच बिनसायचं. आमश्याशी मात्र दीड वर्षात एकदाही वाजलं नव्हतं. सगळ्या जळगावात तो एकटाच माझा मित्र होता. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं, ते सोडा.

बस स्टँडच्या मागे बन्सीलालभाऊंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. त्यांच्या मेहुण्याने आखातातून हातात मावणारी गेमची यंत्रं आणली होती. काही भाऊंनी ठेवली, काही धुळ्याच्या एका दुकानाला दिली. त्यातला एक खेळ राक्षसांचा. रानोमाळ फिरून राक्षस पकडायचे, त्यांना वाढवायचं, आणि सहा जणांचा संघ बांधायचा. दोन यंत्रं वायरने जोडली की दोन संघांची लढत लागायची, नाहीतर राक्षसांची अदलाबदल करता यायची. खेळातली अक्षरं जपानी, त्यामुळे कोणालाच काही वाचता यायचं नाही. कोणता राक्षस काय करतो हे मार खाऊनच शिकावं लागलं. नावंही आम्हीच ठेवली. आग ओकणारा भडक्या, दगडाचा खडक्या, निवडुंगासारखा काट्या, विजेचा वीज्या, उडणारा घारू, आणि शिंगांचा हरण्या. पहिले पाच मी पकडलेले. हरण्या आमश्याचा. त्याने तो वर्षभर जीव लावून वाढवला होता.

आगीला पाणी भारी, पाण्याला वीज भारी, विजेला दगड भारी, असा सगळा मामला. सुरुवातीला दोघांनी आपला पहिला राक्षस गुपचूप निवडायचा, मग दोन्ही एकदम पडद्यावर यायचे. सहातले तीन पडले की हार.

संघ कसा बांधावा यावर आमचं रोज बोलणं व्हायचं. आमश्याचं एकच म्हणणं असायचं.

“सहावी जागा मोकळी ठेव. समोरला पाही भरू.”

“मोकयी कशाले ठेवाची? सहा म्हंजे सहा,” मी म्हणायचो.

“आमना वावरमा ज्वारी ऱ्हास, तूर ऱ्हास, उडीद ऱ्हास. पानी कसाबी येवो, एक तरी हातमा येस.”

“आमच्या वावरात केयी म्हंजे केयीच.”

“म्हनीसन तर तुमले वारानं भ्याव वाटस,” असं म्हणून तो हसायचा. एका वादळात आमची अख्खी बाग आडवी व्हायची, मला हसू यायचं नाही.

पहिला कोण धाडायचा हा विषय मात्र आमश्याने कितीदा काढला, तरी मी पुढे जाऊ दिला नाही. भडक्या आमचा पहिला राक्षस. माझ्या घरी कौतिककाका सगळ्यांत मोठे. ते पाटावर बसल्याशिवाय कोणी घास उचलत नाही, आणि त्यांना विचारल्याशिवाय पहिला घड कापला जात नाही. मोठ्याला मागे बसवून धाकट्याला पुढे करायचं, हे माझ्या हातून होणंच शक्य नव्हतं. यंत्रातला राक्षस असला म्हणून काय झालं?

धुळ्याच्या दुकानाशी आमच्या तीन लढती ठरल्या होत्या. तिकडून पितांबर खेळायचा. वयाने आमच्यापेक्षा मोठा, घड्याळं दुरुस्त करणारा, बोटं बायकांसारखी नाजूक. पहिल्या दोन लढती जळगावात झाल्या आणि दोन्ही आम्ही हरलो. नुसते हरलो नाही, एकाच पद्धतीने हरलो. आमचा भडक्या समोर आला की त्याचा पाण्याचा डबक्या आधीच हजर. मी खडक्या काढला की त्याच्याकडे त्यावरचा उतारा तयार. जणू आमचा संघ कोणीतरी त्याला कागदावर लिहून दिला होता.

आता आमचा संघ दोघांनाच माहीत. मी आणि आमश्या. मी तर सांगितलं नव्हतं.

इथून माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. दुसऱ्या लढतीनंतरच्या आठवड्यात पितांबर घड्याळांचे सुटे भाग घ्यायला जळगावात आला होता. मी फुले मार्केटमधून येत होतो, तर बन्सीलालभाऊंच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर तो आणि आमश्या शेजारी शेजारी बसलेले. डोक्याला डोकं लावून. मी खांबाआड थांबलो. अर्धा तास थांबलो, पायाला मुंग्या आल्या. पितांबर मान हलवून नाही म्हणत होता आणि आमश्या त्याचा हात धरून काहीतरी पटवत होता.

संध्याकाळी खोलीवर मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“दुपारी कुठी गेल्ता रे?”

“जरासा फिरी उनू,” तो स्टोव्हला पंप मारत म्हणाला.

टपरीचं त्याने नावही काढलं नाही. चोर सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला रडू येईल असं वाटलं. मी तोंड फिरवून पडलो आणि डोकं दुखतंय म्हणून जेवलोही नाही. आमश्याने माझ्या वाटची भाकरी झाकून ठेवली. त्या झाकण्यातही मला काहीतरी दिसायला लागलं. इतका गोड वागतोय म्हणजे मन खातंय, असं मी स्वतःला समजावलं.

शेवटची लढत रविवारी धुळ्याला होती. शनिवारी दुपारी दुकानात मी बऱ्याच दिवसांनी यंत्र हातात घेतलं, संघाची यादी उघडली, आणि सहाव्या जागेवर हरण्या नव्हता. तिथे एक कासव बसलं होतं. पाठीवर शेवाळ, डोळे अर्धे मिटलेले. आम्ही असलं काही कधी पकडलं नव्हतं. हे ध्यान मी पाहिलं होतं ते पितांबरच्या यंत्रात.

आता आणखी काय पुरावा हवा होता? आमचा हरण्या तिकडे गेला, तिकडचं कासव इकडे आलं, आणि मला एका शब्दाने कोणी विचारलं नाही. उद्या मी ते कासव काढणार आणि ते ऐन वेळी काहीतरी घात करणार, हे मला लख्ख दिसलं. राक्षस फितूर होत नाहीत, हे आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

मी यंत्र बंद केलं. सापळा लावायचं ठरवलं. घरी असंच करतात. कोणावर वहीम असला की त्याच्या कानात एक खोटी गोष्ट घालायची आणि ती कुठून बाहेर येते ते बघत बसायचं.

“आमश्या,” मी म्हणालो, “उद्या पयला वीज्या धाडतो. भडक्याले मांगे ठेवतो.”

त्याचा चेहरा एकदम खुलला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “आते बरं बोलना तू! कव्हयनं सांगी राहिंतू मी.”

म्हणजे हिशेब सरळ होता. आमश्या फितूर असेल तर पितांबर विजेवरचा उतारा, म्हणजे दगडाचा राक्षस, पहिला आणणार. मी मात्र भडक्यालाच पाठवणार होतो. चोर पकडला जाईल आणि भडक्याचा मानही राहील.

रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा आमश्या खाली उतरला आणि जरा वेळाने परत आला. टेलिफोनच्या पिवळ्या पाटीवर माझी नजर गेली. हा नक्कीच फोन करून आला. त्याच्या हातात कागदात बांधलेली गरम भजी होती, त्यातली चार त्याने मला दिली. मी खाल्ली, पण चव लागली नाही.

धुळ्याच्या दुकानात पंधरावीस पोरं जमली होती. एक नियम होता. प्रत्येकाच्या जोडीदाराने समोरच्याच्या शेजारी बसायचं, म्हणजे कोणी वायर हलवायची नाही. त्यामुळे आमश्या पितांबरच्या बाजूला, आणि पितांबरचा जोडीदार भाईदास माझ्या बाजूला. आमश्याने तिथून मला अंगठा दाखवला.

मी भडक्या निवडला. वायरीतून पिप् असा आवाज आला आणि पडद्यावर दोघे उभे राहिले.

समोर डबक्या होता.

पाण्याचा. दगडाचा नव्हे. पितांबर भडक्याचीच वाट पाहत बसला होता. मी आमश्याला सांगितलेला वीज्या खरंच काढला असता, तर तो डबक्या दोन फटक्यांत आडवा झाला असता.

मी वर पाहिलं. आमश्या पितांबरच्या पडद्यावरून नजर उचलून माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुठली तरी बेरीज पुन्हा पुन्हा चुकतेय आणि का ते कळत नाही, असा तो चेहरा होता. मग हळूहळू त्याला कळलं. ते कळताना मी पाहिलं.

शहाण्या माणसाने तिथे थांबून विचार केला असता. माझ्या डोक्याने पळवाट काढली. आमश्याला सापळ्याचा वास आला असेल, म्हणून त्याने मुद्दाम सांगितलं नसेल! भडक्या पडला. मी खडक्या काढला, तोही पडला. आता तिसरा. यादीत खाली ते कासव अर्धे डोळे मिटून बसलं होतं. आमश्या तिकडून ओठांनी काहीतरी सांगत होता. मी मुद्दाम नजर खाली घातली आणि पाळीप्रमाणे काट्या धाडला. तो पडायला फार वेळ लागला नाही.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. पितांबरने वायर काढली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

“तुले एक इचारू का भो?” तो म्हणाला. “तू मोठाले पहिले धाडस, मंग मधलाले, मंग धाकलाले. तिन्ही डाव पाहं मी. तू लढाई करस का पंगत बसाडस?”

सगळे हसले. मी विचारलं, “तुले कोनं सांगितलं?”

“कोन सांगी? पहिला दिवस तूच नही का दावं माले? हाऊ मोठा, हाऊ त्याना धाकला, हाऊ त्याना धाकला. नातंगोतं बठ्ठं तूच सांगं.”

खरंच होतं ते. पहिल्या लढतीच्या आधी चहा पिताना मीच त्याला एकेक राक्षस दाखवला होता. घरी पाहुणा आला की आम्ही भावाभावांची ओळख करून देतो, तशी. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत.

“आनि कासव्या काबरं नही काढा?” पितांबरचं चालूच होतं. “मना डबक्यानं काहीच चालतं नही त्याना म्होरे. मी देत नव्हतू. हाऊ तुना जोडीदार हात धरी बसना मना. म्हने, आमनी सहावी जागा लंगडी शे, चुडामणले सांगू नको, तो खूश व्हई जाई. आपला हरण्या दिधा त्यानी त्याना बदलामा. वरीसभर वाढायेल हरण्या.”

आमश्या दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला होता.

परतीच्या एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो. पारोळा मागे पडलं. तोंड उघडायचं तर सुरुवात कुठून करायची ते सुचत नव्हतं. शेवटी तोच बोलला, खिडकीबाहेर बघत.

“वीज्यानं सांगं, ते माले पारखाकरता ना?”

“हो.”

“आनि पारोळाले उतरनू, तव्हय बी वहीम उना?”

“हो.”

“मंग? पारखा का?”

“पारखला. माह्यं चुकलं, आमश्या. लय चुकलं.”

त्याने मान हलवली. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात त्याने विचारलं, “आते मी तुले कसा पारखू?”

मी यंत्र काढलं. यादी उघडली. भडक्याला उचलून सहाव्या जागेवर नेलं आणि कासव्याला पहिल्या जागेवर आणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्याला मागे बसवलं. मग यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं.

त्याने पडद्याकडे पाहिलं. हात लावला नाही. एरंडोल गेलं, पाळधी गेलं, यंत्र तसंच त्याच्या मांडीवर होतं. जळगावच्या स्टँडवर उतरताना त्याने ते उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “बन्सीलालभाऊले दी ये. मी खोलीवर जास.”

मी खोलीवर पोचलो तेव्हा त्याने स्टोव्ह पेटवून भाकरी टाकली होती. माझ्या वाटची झाकून ठेवली होती, नेहमीसारखीच. फक्त त्याची पेटी आतापर्यंत नुसत्या कडीवर असायची. त्या दिवशी तिला कुलूप होतं.