मार्बोचा एकमेव चित्रपट

“काका, थोडं मागे घ्या. थांबा. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघा.”

संग्रहालयातली तरुण सहकारी निहारिका हिने पडद्यावरचे दृश्य मोठे केले. नायिकेच्या खांद्यामागे, स्वयंपाकघराच्या भिंतीवर आकडे स्पष्ट दिसत होते: १९१३. जुन्या प्रतीत तिथे नुसता करडा डाग होता. नव्या स्कॅनिंगमुळे तो आता वाचता येत होता.

दत्तप्रसाद चष्मा पुसत राहिले.

“मार्बो कधी गेला?” उत्तर ठाऊक असूनही तिने विचारले.

“एकोणीसशे अकराच्या डिसेंबरात. न्यूमोनियाने.”

नाटकमंडळीत पडद्याआडून संवाद पुरवणारा ल्यूसियाँ मार्बो पॅरिसमध्ये चित्रपटांत आला आणि चार वर्षांत त्याने बासष्ट मूकपट लिहून दिग्दर्शित केले. त्यांतला एकही उरला नाही, असेच सारे मानत. चौदा वर्षांपूर्वी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली गावी एका बंद थिएटरच्या फळ्यांखाली हे रीळ सापडले, नावांचा भाग तुटलेला. मूकपटांच्या काळात चित्रपट फिरत फिरत इथवर येत आणि परत पाठवणे परवडत नसल्याने इथेच राहत. रीळ सापडले तेव्हा ठाण्याहून आलेले दत्तप्रसाद कॅनबेरातल्या एका फिल्म संग्रहालयात कंत्राटावर नोंदी करत. जुन्या जाहिराती आणि छापील कथासार ताडून पाहून त्यांनी दिग्दर्शकाच्या रकान्यात मार्बोचे नाव लिहिले. त्या शोधामुळे त्यांची नोकरी कायम झाली. येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते आणि निरोपाचे व्याख्यानही मार्बोवरच ठरले होते.

“स्टोरी त्याचीच असेल. नंतर कुणीतरी तिच्यावर परत फिल्म काढली असेल,” निहारिका म्हणाली.

“असेल. पुरावा आहे?”

“नाही. पण घाई काय आहे? फ्रायडे होऊ दे. मंडेला मी बघते, नो वरीज.”

“म्हणजे चूक मी करायची आणि खोडायची तू. छान.”

“तसं नाही हो. नाव काढलंत तर कॅटलॉगमधलं त्याचं पानच जाईल. ज्याच्या नावावर एकही फिल्म नाही, त्याला सिस्टीम ठेवत नाही.”

“माहितीये. तो नियम मीच मागून घेतला होता. रिकाम्या पानांचा वैताग यायचा मला.”

ती हसली नाही. चहा आणते म्हणून उठली.

दत्तप्रसादांनी नोंद उघडली. लेखक: अज्ञात. दिग्दर्शक: अज्ञात. बदल कायम करायचा का, असे संगणकाने विचारले. त्यांनी होकार दिला. मार्बोचे पान आणि त्यावरचा किंचित वाकड्या टायमधला फोटो नाहीसा झाला.

टिपेच्या रकान्यात नोंद करणाऱ्याने स्वतःविषयी काही लिहू नये, असा संकेत होता. तो त्यांनी आयुष्यभर पाळला होता. आज ते सावकाश टाइप करू लागले:

‘चौदा वर्षे हा चित्रपट ल्यूसियाँ मार्बो (मृत्यू १९११) यांचा मानला गेला. ती चूक माझी. दत्तप्रसाद कर्णिक.’

निहारिका कप घेऊन आली तेव्हा ते शोधाच्या चौकटीत मार्बोचे नाव घालत होते. एकच निकाल आला. टिपेतल्या दोन शब्दांवर पिवळा रंग चढला होता.

“सापडतो,” ते म्हणाले, आणि कपासाठी त्यांनी हात पुढे केला.