एकवीस मोमो आणि एक करंजी

रविवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या एका घराच्या फाटकाशी भंगारवाल्याने हाक दिली आणि स्वयंपाकघरातून प्रेमलाबाईंनी उत्तर दिलं, "रुक भैया, एक भांडं हाय."

ते भांडं म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुनं मोदकपात्र आहे. खाली पाण्याचं पातेलं, मध्ये भोकांची चाळणी, वर झाकण, एवढाच माझा देह. भंगारवाला थांबला आहे तोवर, मला जे ठाऊक आहे तेवढं सांगतो.

नागपूरच्या इतवारीत एका कारागिराने मला ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून ठोकून काढलं. प्रेमलाबाई लग्न होऊन रायपूरला आल्या तेव्हा पॅसेंजर गाडीत मी त्यांच्या मांडीवर होतो. वर्षातून एकदा, गणेश चतुर्थीला, माझा मान असायचा. एकवीस मोदक आणि त्यांची बहीण म्हणून एक करंजी. करंजी ठेवल्याशिवाय माझं झाकण कधी लागलं नाही. पाहुणे पारीची तारीफ करायचे. मग प्रेमलाबाई मला स्वतः पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवायच्या.

पुढे राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं. प्रेमलाबाईंचे गुडघे धरले आणि मोदक मिठाईवाल्याकडून येऊ लागले. मी माळ्यावर धूळ खात राहिलो. गेल्या वर्षी सून इरावतीने मला खाली काढलं, चिंचेने घासलं आणि दर रविवारी माझ्यात मोमो उकडायला सुरुवात केली. कधी पत्ताकोबी-गाजर, कधी पनीर. यंदा मोदकही घरीच करायचे ठरले. चतुर्थी परवावर आली आहे.

आज सकाळी नऊला प्रेमलाबाईंना फ्रिजमध्ये एक वाटी सापडली. आत तपकिरी, रेषारेषांचा चुरा.

"हे काय हाय वो?"

"सोयाबीन बडी, आई. भिगोकर पीस दिया."

"बडी अशी दिसते? पाकीट दाखव."

पाकीट सापडलं नाही. कचऱ्याची गाडी आठलाच येऊन गेली होती.

"तुह्या हापिसापाशी तो मोमोवाला साधे न कोंबडीचे दोन्ही विकते. तिथंच शिकली न तू?"

"मोमो बनवायला शिकले, आई. चिकन डालना नहीं सीखी."

"ज्या भांड्यात नैवेद्य होते, त्यात असलं शिजलं असन तर ते भांडं मले घरात नको. मंग मोदकही नको."

इरावती मैदा मळायला लागली.

मित्रांनो, खरं सांगायचं तर संशय मलाही आहे. बंद पारीच्या आत काय आहे ते मला दिसत नाही. वाफ माझी, सारण माझं नाही. वास ओळखायची विद्या भांड्याला नसते. इरावती सारण भरताना माझ्याकडे पाठ करून बसते, हे मी पाहिलं आहे. पाठ का करते, ते तिने कधी सांगितलेलं नाही.

पावणेअकराला मी गॅसवर होतो. प्रेमलाबाई आल्या आणि त्यांनी न विचारता झाकण उचललं. वाफेने चष्मा धुरकटला. तो पदराने पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. चुण्या घातलेले एकवीस मोमो, आणि मधोमध एक करंजी. काठाला बारीक मुरड.

"ही काहून केली?"

"आप ही तो बोलती हैं, बहन के बिना नहीं चढ़ाना."

"ते मोदकाले. याईले कायची बहीण?"

"इक्कीस भाई हैं, आई. कोई तो सँभालनेवाली चाहिए."

प्रेमलाबाई हसल्या नाहीत. मुरडीकडे मात्र बघत राहिल्या. "मुरड कोनं शिकवली?"

"किसीने नहीं. मिठाईवाल्याचे मोदक यायच्या आधी, लग्नानंतर पहिल्या वर्षी, तुम्ही करत होता ना. पाहिलं."

"आत काय हाय?"

"खाऊन पाहा."

"मले नको."

इरावतीने सगळं ताटात काढलं, ताट माझ्याशेजारी ठेवलं, माझं झाकण लावलं आणि ती आंघोळीला गेली. मग फाटकाशी भंगारवाल्याची हाक आली. झाकणाखाली अंधार असतो. बाहेरचं फक्त ऐकू येतं. पावलं ओट्याशी आली. मग ताटाचा एकच आवाज.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. संशय आला तर आधी चाखून पाहा. भंगारात गेलेलं भांडं साक्ष द्यायला परत येत नाही.

अकरा वाजून पंचवीस मिनिटं. प्रेमलाबाईंनी आत्ताच माझं झाकण उचललं, माझ्या रिकाम्या पोटात पाहिलं आणि झाकण ओट्यावर, मला तिथेच ठेवून त्या ओठ पुसत फाटकाकडे गेल्या. बाथरूममधून पाण्याचा आवाज येतो आहे. खिडकीतून दिसतं, भंगारवाल्याने तराजू हातात धरला आहे. ताटात एकवीस मोमो आहेत. करंजी नाही.