केरबाची पानथरी आणि मेजरची जीभ

पलूसजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळे गावात शिस्त कमी आणि हुकूम फार. केरबा एकाहत्तरच्या लढाईतून पोटात तोफगोळ्याची कपची घेऊन परतला. मिलिटरी दवाखान्यात त्याची पानथरी, म्हणजे डॉक्टरी भाषेत प्लीहा, काढून टाकली होती. "पानथरीबिगर माणूस मजेत जगतोय," असं तो पारावर ऐकवायचा. आपल्यालाही पानथरी आहे, हे निम्म्या गावाला तेव्हाच कळलं.

नाईक म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने कुत्रं पाळलं आणि नाव ठेवलं मेजर. जन्मभर मेजरांना सलाम ठोकलेला माणूस आता मेजरला "खाली बस" म्हणायचा. हे सुख पेन्शनीत मिळत नाही.

सत्त्याहत्तरच्या ऊसतोडीत कोयता निसटून त्याच्या नडगीला लागला. जखम लहानच. बायको शालूबाई हळद घेऊन आली, तोवर केरबाने पाय पुढे केला होता आणि मेजर मन लावून जखम चाटत होता.

"आवं, काय करताय ह्ये?"

"गप गं. कुत्र्याच्या जिभंत औषध असतंय. आमचा आजा असाच बरा झालाय."

आजा पुढे कशाने गेला, हा विषय त्या घरात निघत नसे.

दोन-तीन दिवसांत केरबाला थंडी भरली. घोंगड्यांवर घोंगड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. अंगावर जांभळे डाग उठले, पायाची बोटं काळीनिळी पडली, आणि तो घरच्यांना पलटण समजून मोर्चा बदलायचे हुकूम देऊ लागला.

भाऊसो तिघांना घेऊन आले. चौघांच्याही हातात काठ्या. भाऊसो गावचे जाणते; म्हणजे त्यांना कुणी विचारत नसे, ते सांगत.

"कुत्रं पिसाळलंय. केरबा आता भुंकायला लागणार बघा. पयलं ते जनावर संपवा, मग ह्येच्या पोटात चौदा इंजेक्शनं. वैनी, सरा बाजूला."

शालूबाई दारात उभी राहिली. मेजरची साखळी तिने मनगटाला गुंडाळली होती.

"न्हाई सरायची. पिसाळल्यालं कुत्रं पाण्याला भितंय म्हंत्यात न्हवं? ह्येनं सकाळधरनं बादली रिकामी केलीया."

"आवं वैनी, जीव जाईल तुमचा!"

"एक चाललाय त्यो आधी वाचवा की, भावजी. चौघं आलाच हाईसा तर ह्यास्नी उचला. जित्या माणसाला बी चौघं लागत्यात."

काठ्या भिंतीला लागल्या. गावातली जीप केरबाला घेऊन सांगलीला निघाली आणि शालूबाई कुत्र्यासकट चढली. मागे ठेवलं असतं तर परत आल्यावर साखळीच मिळाली असती.

दवाखान्यात चौघे एकदम बोलू लागले. डॉक्टर तरुण होते, त्यामुळे अजून ऐकून घेत. मेजर व्हरांड्यात मग्गाभर पाणी प्याला आणि त्याने कंपाउंडरचं बिस्कीट खाल्लं.

"पिसाळलेल्या कुत्र्याचं विष इतक्या लवकर अंगात भिनत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि हे कुत्रं माझ्यापेक्षा धडधाकट आहे. यांचं पूर्वी काही ऑपरेशन?"

"छ्या!" भाऊसो म्हणाले. "मिल्ट्रीतला गडी हाय. एकदम फिट!"

शालूबाईने नवऱ्याचा सदरा वर केला. "मग ही शिवण काय शिंप्यानं घातलीया? पानथरी काढल्याली हाय ह्यांची. आन कुत्र्यानं जखम चाटलीया, ती बी ह्यांनीच चाटू दिली."

डॉक्टर उठून उभेच राहिले. "कुत्र्याच्या तोंडात एक जंतू असतो. एरवी माणसाला बहुधा काही करत नाही. पण पानथरी म्हणजे रक्ताची राखणदार. ती नाही म्हटल्यावर हा थेट रक्तात घुसतो आणि माणूस दगावतो. त्याचं अजून धड बारसंही झालेलं नाही. पण पेनिसिलिन त्याला नावावाचून ओळखतं."

ओळखलं. केरबा वाचला, पायाची दोन बोटं गेली. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "कुत्रं खुशाल ठेवा. पण जखमेला त्याचं तोंड लागता कामा नये. चावलं, ओरबाडलं तर साबणाने धुवा आणि त्याच दिवशी इथं या. साधा ताप आला तरी या."

केरबा घरी आला तेव्हा भाऊसो अंगणात हजर.

"आता तरी संपवा त्येला. डॉक्टरच म्हणला, तोंडात इख हाय."

"भाऊसो, तोंडात इख हाय म्हणून मारायचं ठरलं, तर गावात सुरवात कुणापासनं करायची?"

"चेष्टा न्हाई, केरबा. मरत हुतास तू."

"व्हय. लढाईनं पानथरी नेली, मेजरनं दोन बोटं. दोघांस्नी पुरून उरलोय. आन पाय म्या पुढं केलता, त्यो मागाय आला नव्हता. फाशी द्यायची तर मला द्या. कुत्र्याला हात लावायचा न्हाई."

"आन परत चाटलं तर?"

उत्तर शालूबाईने दिलं. ती साबणाने हात धुऊन नवऱ्याच्या पायाला स्वच्छ फडकं बांधत होती.

"परत पाय पुढं केला, तर तिसरं बोट मीच काढीन."

केरबाने उरलेली बोटं मुकाट धोतरात ओढून घेतली. खुंटाला बांधलेला मेजर साखळी ताणून भाऊसोंवर भुंकू लागला. त्याला कुणीही गप्प बसवलं नाही.